नावाआधी हाजी

आधीच सांगून टाकतो, माझ्या स्मरणशक्तीवर माझाच विश्वास उरलेला नाही. मस्कतच्या एका प्रयोगशाळेत मी पंचवीस वर्षं पाणी तपासलं. तिथे नियम सोपा होता: एकच नमुना तीनदा तपासायचा आणि तिन्ही आकडे जुळले तरच सही करायची. किश्श्यांचं तसं होत नाही. एकच किस्सा मी तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा तो वेगळा निघतो! बायको म्हणते, "मागच्या वेळी हे वाक्य जोशी सरांचं होतं. आज तुमचं कसं झालं?"

तेव्हा इथे वर्षं मागेपुढे झाली असतील, एखादं वाक्य भलत्याच्या तोंडी गेलं असेल. पण किस्से मात्र घडलेले आहेत. आमच्याकडच्या नळाच्या पाण्याने किटलीच्या तळाशी क्षार धरायचा, तसे ते साठत गेले. कोणी मुद्दाम साठवले नाहीत. तीच चार माणसं दर शुक्रवारी त्याच खोलीत बसली की दुसरं होणार काय?

खोली माझी. मस्कतच्या अल् घुब्रा भागात माझा भाड्याचा फ्लॅट होता. जुम्म्याची नमाज झाली की आम्ही तिथे जेवायला जमायचो. मी रायगडचा कोकणी मुसलमान, रसायनशास्त्रात पीएच.डी., म्हणून सगळ्यांचा 'डॉक्टर'. दुसरे इस्माईलभाई, दापोलीकडचे, टाइल्सचे व्यापारी, कुजबुजले तरी खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. तिसरे जोशी सर, शाळेत गणित शिकवायचे. आम्ही मशिदीत असताना ते माझ्या बाल्कनीत वह्या तपासत बसायचे आणि सुरमईच्या वासाबरोबर आत यायचे. आणि चौथा हसन. रत्नागिरीजवळच्या खेड्यातला, आमच्यात सर्वांत धाकटा, ए.सी. दुरुस्त करणारा. तीस वर्षं सगळे त्याला 'हसन फिटर' म्हणायचे. त्याच्या मुलीसाठी गावातलं एक चांगलं घर पाहिलं होतं. त्यांनी निरोप पाठवला, "फिटरची मुलगी नको."

२०१२ मध्ये हसन हजला जाऊन आला. मस्कतहून हजच्या ठेकेदाराच्या बसने, अमिरातीमार्गे. महिन्याभरात त्याच घराचा दुसरा निरोप आला, "हाजींच्या घरची सोयरीक आम्हाला पसंत आहे."

एका शब्दावर एका मुलीचं लग्न उभं होतं. हे आम्हाला ठाऊक होतं. तरी आम्ही हसायचं काही सोडलं नाही!

*

पहिला किस्सा हसनच्या व्हिसाचा.

नूतनीकरणाचा अर्ज टायपिंगच्या दुकानात भरायचा होता. हसनला अरबी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणून इस्माईलभाई सोबत गेले. टायपिस्टने नाव विचारलं. हसनने तोंड उघडायच्या आत इस्माईलभाई गरजले, "हाजी हसन! हाजी आधी!"

टायपिस्टला काय, त्याने छापलं. खिडकीवरच्या ओमानी अधिकाऱ्याने पासपोर्ट पाहिला, अर्ज पाहिला, पुन्हा पासपोर्ट पाहिला. "इथे हसन आहे. हा हाजी कोण?"

मागे वीस माणसांची रांग. हसन घामाघूम झाला. म्हणाला, "मी हाजी नाही, साहेब. नुसता हसन."

अधिकाऱ्याने 'हाजी' खोडलं आणि शिक्का मारला. यल्ला, पुढचा!

हा किस्सा इस्माईलभाईंनी त्याच शुक्रवारी सांगितला आणि शेवटची ओळ मी जोडली: "एका शिक्क्यासाठी माणसाने अख्खा हज परत केला!" ती ओळ माझीच, याबद्दल मला शंका नाही. पुढे कित्येक मेजवान्यांत मी ती वापरली. दर वेळी हशा झाला. हसनही हसायचा, भातात बोट फिरवत.

*

पुढच्या वर्षी इस्माईलभाई उमऱ्याला जाऊन आले. उमरा म्हणजे मक्केची छोटी यात्रा. वर्षभरात केव्हाही करता येते, ओमानातले लोक सुट्टी जोडून बसने जाऊन येतात. त्याने कोणी हाजी होत नाही. इस्माईलभाईंनी मात्र आल्या आल्या दाढी राखली, हातात जपाची तसबी घेतली आणि बोलण्यात "आम्ही तिकडे असताना" सुरू केलं. कोणी नुसतं "इस्माईलभाई" म्हटलं की एक क्षण थांबायचे, जणू पुढचं काही यायचं राहिलं आहे.

जोशी सरांनी विचारलं, "मग आता तुम्हालाही हाजी म्हणायचं का?"

"तसं पाहिलं तर..." इस्माईलभाईंनी सुरुवात केली.

"नाही, मला समजून घ्यायचंय. म्हणजे तुमची युनिट टेस्ट झाली. बोर्डाची परीक्षा बाकी आहे. बरोबर?"

इस्माईलभाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

*

२०१४ मध्ये त्यांनी बोर्डाचीही परीक्षा दिली. आणि नशीब असं की त्या वर्षी अरफातचा दिवस शुक्रवारी आला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हजच्या पाच-सहा दिवसांत बरंच काही करायचं असतं, पण सगळ्याचा गाभा म्हणजे अरफातच्या मैदानात त्या एका दिवशी हजर असणं. आजारी असा, म्हातारे असा, तिथे पोचलं पाहिजे. तो दिवस हुकला तर बाकी सगळं करूनही हज होत नाही, पुन्हा जावं लागतं. आणि तो दिवस शुक्रवारी आला तर आपल्याकडचे लोक त्याला 'अकबरी हज' म्हणतात, म्हणजे मोठा हज. शास्त्रात याला किती आधार आहे मला नक्की सांगता येणार नाही. दोन मौलवींना विचारलं, तीन मतं मिळाली.

इस्माईलभाईंना आधार नको होता. दुकानावर नवी पाटी लागली. 'अल्हाज' हा शब्द दुकानाच्या नावापेक्षा मोठा. टाइल्स घ्यायला आलेली फिलिपिनो बाई विचारायची, "अल्हाज कोणत्या कंपनीची टाइल?"

परत आल्यावर एका शुक्रवारी जेवणानंतर ते अरफातचं वर्णन करू लागले. तंबू, ऊन, रडणारी माणसं, हात वर करून मागितलेल्या दुवा. पाऊण तास! मग हसनकडे वळून म्हणाले, "तुझा साधा होता, वार सोमवार की गुरुवार कोण जाणे. पण सांग, तुला काय वाटलं तिथं?"

हसनने मान खाली घातली. "ते सांगण्यासारखं नाय, इस्माईलभाई."

"अरे, सांग ना! डॉक्टरना ऐकू दे. ते काय जात नाहीत."

"नाय सांगता येत." तो उठला आणि स्वयंपाकघरात पाणी आणायला गेला. पाण्याचा जग टेबलावर भरलेला होता.

इस्माईलभाई मला म्हणाले, "बघा. पाऊण तास मी बोललो, आणि भाव हा खाऊन गेला!"

*

मी का जात नाही, हा प्रश्न रास्त आहे. मला गर्दीची भीती वाटते. तसं मी कोणाला सांगायचो नाही. रजा मिळत नाही म्हणायचो. निवृत्त झाल्यावर काय म्हणायचं हे अजून ठरायचं आहे.

*

इस्माईलभाईंचा खरा पाणउतारा केला तो त्यांच्या अर्बाबने. अर्बाब म्हणजे ज्याच्या नावावर धंद्याचा परवाना असतो तो ओमानी मालक. हा वयस्क, कमी बोलणारा गृहस्थ. इस्माईलभाई मला घेऊन त्याच्या मजलिसमध्ये गेले. गाद्यांवर सात-आठ म्हातारे, मध्ये खजूर, एक नोकर काहवा, म्हणजे तिकडची कॉफी, ओतत होता. इस्माईलभाईंनी छातीवर हात ठेवून स्वतःची ओळख करून दिली, "हाजी इस्माईल."

अर्बाबने शेजारच्याला विचारलं, "तू किती वेळा गेलास?"

"चार."

"तू?"

"दोनदा. आईला घेऊन तिसऱ्यांदा."

अशी फेरी सगळ्यांभोवती फिरली. शेवटी काहवा ओतणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "पाच."

अर्बाबने खजुराची बी ताटलीत ठेवली. "इथे हाजी म्हणून हाक मारली तर आठ जण वळतील," तो म्हणाला. "आता तुझं नाव सांग."

*

याउलट जोशी सरांना ही पदवी फुकट मिळाली!

त्वचेची काही तक्रार होती, म्हणून डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, त्यांना दाढी करायला मनाई केली होती. वर्षभरात पांढरीशुभ्र दाढी छातीपर्यंत आली. आम्ही चौघं खाबुराला गेलो होतो, बाजारात लिंबं घ्यायला. अरबांच्यात वयस्क माणसाला आदराने 'या हाज्जी' म्हणायची सवय आहे, तो गेला असो वा नसो. लिंबंवाला जोशी सरांना पाहून उठून उभा राहिला. "तफद्दल, या हाज्जी!" म्हणजे या, बसा. स्टूल दिलं, पाणी दिलं, लिंबं स्वतः निवडून दिली.

शेजारी अकबरी हाजी उभे. केसांना काळा कलप, दाढी बारीक कातरलेली. लिंबंवाला त्यांना, परदेशी मजुराला हाक मारतात तसं, म्हणाला, "ए रफीक, जरा बाजूला. सावली अडवतोस."

परतताना मी गाडी चालवत होतो. जोशी सर म्हणाले, "इस्माईलभाई, एक सुचवू? कलप सोडा. प्रवासखर्चही वाचला असता."

हसन मागे बसला होता. इतका हसला की मला गाडी कडेला घ्यावी लागली. त्याला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

*

हसनच्या मुलीच्या लग्नाची तारीख २०१५ मध्ये ठरली. पत्रिका गावी त्याच्या मेहुण्याने छापून घेतल्या. 'हाजी हसन यांची सुकन्या', सोनेरी अक्षरांत. गावातल्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. आमच्यासाठी चाळीस मस्कतला आल्या.

मी त्याच्या खोलीवर गेलो तर हा जमिनीवर बसून काळ्या मार्करने एकेका पत्रिकेवरचं 'हाजी' खोडत होता. पट्टी लावून, सरळ रेषेत.

"हे काय रे?"

"मोठं वाटतंय, डॉक्टर साहेब. तुमच्यासारख्या शिकलेल्या लोकांत बरं नाय दिसत."

मला ते विनयाचं प्रदर्शन वाटलं. शुक्रवारी मी पत्रिका सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, "याला म्हणतात जाहिरात! छापलेला हाजी कोणी वाचला नसता. खोडलेला हाजी प्रत्येक जण उजेडात धरून वाचणार!"

आणि तसंच झालं. इस्माईलभाईंनी पत्रिका खिडकीशी धरली आणि मोठ्याने वाचली.

*

माझ्या दारावर 'डॉ.' होतं, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांच्याच पाट्या वाचतो.

एकदा आम्ही जेवत असताना वरच्या मजल्यावरची केरळी बाई धावत आली. तिच्या सासूच्या छातीत दुखत होतं. "डॉक्टर, प्लीज!" मी हात धुतले. का धुतले देव जाणे. वर गेलो, म्हातारीचा हात धरला, नाडी सापडेना. मला वाटलं, संपलं! मग लक्षात आलं, मी मनगटाच्या उलट बाजूला शोधत होतो.

हसनने तोवर अँब्युलन्स बोलावली होती. म्हातारी वाचली. गॅसेस होते.

खाली आल्यावर इस्माईलभाई म्हणाले, "डॉक्टर, पाटी काढा. एखादा मरेल."

हसन म्हणाला, "राहू द्या हो. त्यांनी कुठे लावून घेतली? लोकांनी म्हटलं, मग काढायची कशी?"

मी त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. माझी बाजू घेतोय, असं मला वाटलं.

*

आता हसनच्या हावेबद्दल. आम्ही तेव्हा हाच शब्द वापरायचो.

एक हज केला तरी हा दर वर्षी पुन्हा अर्ज करायचा. ओमानच्या कोट्यात परदेशी लोकांना जागा कमी, त्यात एकदा जाऊन आलेल्याला सगळ्यांच्या मागे ठेवायचे. दर वर्षी नकार यायचा. दर वर्षी हा काळवंडायचा. जेवायचा नाही धड.

"कशासाठी रे?" मी विचारायचो. "फर्ज एकदाच. झालं ना तुझं?"

"मन भरलं नाय."

इस्माईलभाईंना कारण माहीत होतं. "माझा अकबरी आहे ना! ह्याला बरोबरी करायची आहे."

जोशी सर म्हणाले, "याला हाजी स्क्वेअर व्हायचंय!" आणि ते नाव चिकटलं. फोनवरसुद्धा, "काय हाजी स्क्वेअर, नंबर लागला का?"

२०१७ मध्ये त्याचा नंबर लागला. आम्हाला कळलंच नाही. दोन-तीन शुक्रवार आला नाही, फोन बंद. आम्हाला वाटलं, गावी गेला. मग एका शुक्रवारी दारात उभा. डोक्याचे केस काढलेले, चेहरा उन्हाने रापलेला.

इस्माईलभाई ओरडले, "या, या, हाजी स्क्वेअर!"

तो बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "एक विनंती हाय. आजपासून मला कोणी हाजी म्हणू नका. हसन म्हणा."

"का? आता तर दोन झाले!"

"म्हणून."

एवढंच बोलला आणि जेवायला बसला. तीन वेळा भात घेतला. इतक्या वर्षांत त्याला असं पोटभर जेवताना मी पाहिलं नव्हतं. जोशी सर हळूच म्हणाले, "गणितात बसत नाही हे." इस्माईलभाईंनी निकाल दिला, "हरला! अकबरीपुढे हरला, म्हणून मैदान सोडलं."

मला तो निकाल पटला. मी तो किस्सा त्याच शेवटासकट सांगत आलो.

*

मी मस्कत सोडून पनवेलला राहायला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी एका लग्नात बशीर भेटला. याचं ओमानातल्या इब्रीच्या बाजारात शिलाईयंत्रांचं दुकान होतं. हसन पहिल्यांदा हजला गेला तेव्हा दोघं एका बसमध्ये, एका तंबूत होते. मी सवयीने मैफल जमवली, हाजी स्क्वेअरचा किस्सा सांगितला. सगळे हसले. बशीर हसला नाही.

लोक पांगल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. "डॉक्टर साहेब, त्या वर्षी हसन अरफातला नव्हता."

मी म्हणालो, काहीतरी गोंधळ होतोय.

"गोंधळ कसला? अरफातच्या आदल्या रात्री मिनाच्या तंबूत पडला तो. शुगर. मक्केच्या इस्पितळात नेला. शुद्धीवर आला तेव्हा आमी अरफात करून परत आलेलो. मी सांगितलं त्याला. लहान पोरासारखा रडला."

"मग त्याने आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगणार होता. बसमध्ये दोन दिवस तेच घोकत होता, उतरल्या उतरल्या सांगतो. मस्कतात रुवीला बस थांबली, त्यानं तोंड उघडलंन. तुमी हार घेऊन पुढे झालात. म्हणालात, आधी गळाभेट, मग बोलणं, हाजीसाहेब! मी मागेच उभा होतो. हार गळ्यात पडल्यावर माणूस काय बोलणार? आणि मग ते मुलीचं स्थळ आलं."

मी म्हणालो, "हार इस्माईलभाईंनी घातला होता. मला चांगलं आठवतंय."

बशीर खुर्ची मागे सारून उठला.

घरी आलो आणि मस्कतचे फोटो काढले. हे तरी नीट तपासावं म्हटलं. तो सापडायला दोन दिवस लागले. बसचं दार, उतरणारी माणसं, इस्माईलभाई उजवीकडे रिकाम्या हातांनी टाळ्या वाजवताहेत. हार घालणारे हात माझे आहेत. घड्याळ माझं आहे. भिंग घेऊन पाहिलं. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर ठेकेदाराची हिरवी पट्टी आहे. हसनच्या मनगटावर दोन आहेत. दुसरी पांढरी, इस्पितळाची.